दादाचं वजन आणि माझं

दादा माझ्याकडे सांगलीला राहायला आला, त्याच्या आधी काही महिने त्याचं वजन वाढत होतं आणि गावात त्याचं कौतुक चाललं होतं. कुस्ती सोडून इतकी वर्षं झाली, पन्नाशी उलटली, तरी गडी कसा भरलाय बघा, असं लोक म्हणायचे. ज्या तालमीत तो घडला तिथले वस्ताद आता फार थकले आहेत. त्यांनीही त्याच्या पाठीवर थाप मारून "अंगाला लागाय लागलंय बरं का" म्हणून सांगितलं होतं. साताऱ्याकडच्या आमच्या गावात तब्येत डोळ्यांनी मोजतात. भरलेला माणूस बरा आणि वाळलेला माणूस आजारी. दादाचं पोट पुढे येत होतं ते सगळ्यांना दिसलं. दंड आणि मांड्या आटत होत्या त्या सदऱ्यात आणि पायजम्यात झाकलेल्या होत्या.

संशय आला तो वहिनींना. त्यांनी मला फोन केला.

"भावजी, ह्यांच्या पायात बोट रुततंया. दाबलं की खड्डा पडतुया आन् तसाच ऱ्हातुया. चपलंचा पट्टा बी लागंना. तुमी एकदा मिरजंला न्या."

मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मिरजेतल्या दवाखान्यांची मला माहिती आहे, कारण गावाकडचं कुणीही आजारी पडलं की आधी माझ्याच घरी उतरतं. पोटाच्या डॉक्टरांनी दादाला तपासलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. पोटात पाणी झालं होतं. ज्याला गाव अंग म्हणत होतं ते पाणी होतं. रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. यकृत आतून वणांनी भरून आक्रसलं होतं, सिरोसिस झाला होता.

डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. दारू? कधी रक्त चढवलंय? ऑपरेशन? गोंदण? नशेची सुई?

दादाला राग आला. "सायेब, आयुष्यात सुपारी खाल्ली न्हाई मी. लंगोटाचा गडी हाय."

डॉक्टरांची नजर दादाच्या कानांवर गेली. पैलवानाचे कान जसे असतात तसे ते आहेत, पिळून वाळत घातल्यासारखे. डोकी घासून घासून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, कान टम्म फुगतो. ते काढलं नाही तर ठणका लागून झोप येत नाही. वस्ताद सिरिंजने ते रक्त ओढून काढायचे. ज्यांचे कान फुगलेत ती पोरं ओळीने बसायची. सुई एकच असायची. मध्ये ती गरम पाण्यात बुडवायचे, कधी राहून जायचं. दादाने हे सगळं डॉक्टरांना सांगितलं ते एखादी गदा जिंकल्याचं सांगावं तसं. याला कान तुटणं म्हणतात आणि तो आमच्याकडे मान आहे. त्यातून काही लागलं असेल, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

"आता खात्रीने सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण हा विषाणू वीस-पंचवीस वर्षं काही न दाखवता राहू शकतो. तुमच्या बरोबरीचे जे होते, त्यांना रक्त तपासून घ्यायला सांगा."

मीही एक हंगाम तालमीत गेलो होतो. मग शाळा होती, अभ्यास होता, आणि घरात एक पैलवान पुरे असं ठरलं. माझे कान सरळ आहेत.

उपचाराचं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. विषाणूवर आता चांगल्या गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तीन महिने रोज न चुकता घ्यायच्या. त्याने विषाणू बहुतेक जाईलच. "पण यकृत इतकं खराब झाल्यावर विषाणू गेला तरी ते किती सावरेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. काहींचं इतकं सावरतं की पुढचा प्रश्न मिटतो. काहींचं नाही सावरत. मग यकृत बदलावं लागतं. तेव्हा घरात रक्तगट जुळणारं कोण आहे ते आत्ताच बघून ठेवा." रक्ताच्या तपासण्यांवरून ते एक आकडा काढत होते. आकडा वाढला तर यकृत बदलायचं, उतरला तर थांबायचं, इतकं मला समजलं.

पुतण्या फौजेत आहे, त्याचा गट वेगळा. वहिनींचा वेगळा. माझा जुळला.

"मी देईन," मी म्हणालो. लगेच म्हणालो. आमच्या बैठकीच्या खोलीत सगळे होते. माझी बायको चहाचे कप उचलत होती, ती थांबली. वहिनी नात्याने माझ्यापेक्षा मोठ्या. माझ्या लग्नात माझ्या अंगाला हळद त्यांनी लावली. त्या उठल्या, वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घ्यायला हवे होते. मला सुचलं नाही.

माझी तपासणी झाली. यकृतावर थोडी चरबी आहे, म्हणाले. "तुमचं यकृत चालू शकेल, पण वजन उतरवावं लागेल. रोज चाला, तळलेलं बंद करा. चरबी गेली की मग ठरवू." निम्म्याहून जास्त भाग काढतात आणि तो काही महिन्यांत परत वाढतो, हेही त्यांनी सांगितलं. चित्र काढून दाखवलं. माझा त्यावर विश्वास बसला. भीती तशीच राहिली. भीतीला चित्राने काही फरक पडला नाही.

दादाला रोज वजन करायला सांगितलं होतं, पाण्याचा अंदाज यावा म्हणून. मी काटा आणला आणि तो बाथरूमच्या दाराशी ठेवला. सकाळी आम्ही दोघे त्याच्यावर चढायचो. दादाला वजन करणं मनापासून आवडायचं. बनियन काढायचा, हातातलं कडं काढून खिडकीत ठेवायचा, श्वास धरून ताठ उभा राहायचा, जसं काही खाली पंच बसलेत. त्याच्यानंतर मी चढायचो.

मग मी त्याला गोळी द्यायचो. पाण्याचा पेला आणि गोळी, माझ्या हाताने. पाणी उतरवायच्या गोळ्या वेगळ्या होत्या, त्याही मीच द्यायचो. बायको त्याचं जेवण वेगळं करायची, मीठ जवळजवळ नाहीच. कामावरून येताना मी सरकारी दवाखान्यात जाऊन पुढच्या गोळ्या आणायचो. तिथली औषध देणारी बाई एकदा रांगेतल्या लोकांना म्हणाली, "बघा, असा भाऊ पाहिजे." शेजारीपाजारीही तेच म्हणत. मी मान खाली घालायचो, आणि त्यालाही लोक माझा नम्रपणा समजायचे.

खरं असं होतं की ती गोळी मी दादाला देत होतो, पण तिच्याकडून मला जे हवं होतं ते माझ्यासाठी होतं. ती लागू पडली तर माझं पोट फाडावं लागणार नव्हतं. तिने त्याचा आकडा उतरवावा, बाकी मला काही नको होतं.

आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. रोज सकाळी मी चालायला जायचो, कृष्णेच्या पुलापर्यंत. बायकोला ते दिसायचं. परतताना एका गाड्यावर थांबून मी भजी खायचो, वर वडा. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्यांदा ताट घ्यायचो. संध्याकाळी ड्रॉवरमध्ये भडंगाची पुडी. मला भूक नसायची. भूक नसताना खाणं हे कष्टाचं काम आहे, घास खाली ढकलावा लागतो. यकृतावरची चरबी जायला नको होती, एवढ्यासाठी मी ते करत होतो. ठरवून करत होतो का, असं कुणी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. पण गाडा पुलाच्या अलीकडे होता आणि मी तो चुकवून जाऊ शकत होतो, दुसरा रस्ता होता.

काट्यावर ते दिसायचंच. त्याचं उतरत होतं आणि माझं चढत होतं.

एका सकाळी दादा मागून वाकून माझा आकडा बघत म्हणाला, "काय रं, चालाय जातूस का चराय जातूस?"

"वय झालं दादा. उतरत नाही लवकर."

"आमच्या वक्ताला एक गडी हुता," तो बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला. "गटात समोर कोन तगडा हाय असं कळलं की आठ-पंधरा दिसांत नुसतं खाऊन खाऊन वरच्या गटात जायाचा. कुस्ती चुकवाय. आन् तितं वरच्या गटात आनखी मार खायाचा." तो हसायला लागला. हसता हसता त्याला धाप लागली, पोटातलं पाणी हललं आणि त्याने कमरेला हात लावला. मीही हसलो. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. ती नुसतीच गोष्ट होती की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दीड-एक महिन्यात पाणी बरंच ओसरलं. पायजम्याची नाडी ढिली झाली. बोलता बोलता शब्द विसरायचा, तेही कमी झालं. पण पाणी गेल्यावर खाली जो माणूस उरला तो फार लहान होता. गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली. रोज सकाळी काट्यावरून उतरताना दादाचा चेहरा पडायला लागला. पैलवानाचं वजन उतरतंय म्हणजे त्याचं काहीतरी चोरीला जातंय, अशी त्याची समजूत.

त्याच सुमारास भावकीत एक मयत झाली आणि तो आठवडाभर गावी गेला. गोळ्या मोजून बरोबर दिल्या, वहिनींना फोनवर वेळा सांगितल्या. परत आला तो खुशीत होता. पिशवी खाली ठेवायच्या आत काट्यावर चढला.

"बग. भरलं का न्हाई?"

वजन वाढलं होतं. मी त्याच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. गोळ्या तशाच होत्या. पहिल्या दिवसाची गेलेली, बाकी जागच्या जागी. त्याने लपवल्याही नव्हत्या.

"वस्ताद म्हनलं," तो सांगायला लागला. "म्हनलं, आरं निम्मा झालास की. ह्या गोळ्या अंग खात्यात तुजं. चार दीस बंद करून बग. मी केल्या, तर बग की, अंगात आलंच. तुज्या वैनीला सांगितलं, घेतो म्हनून."

मी ओरडलो. माझ्या आयुष्यात दादावर मी आवाज चढवला नव्हता. "तुला मरायचंय का?" असं म्हणालो. वाक्याचा पुढचा अर्धा भाग तोंडात आला होता, मला कापायला लावायचंय का, असा. तो मी गिळला. ओरडता ओरडता मला रडू फुटलं होतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"येवढं नगं करूस रं," तो म्हणाला. "आन ती गोळी. घेतो."

त्याने गोळी घेतली. मी रडतोय ते त्याच्यासाठी, असं त्याला वाटलं. बायकोलाही वाटलं. त्या क्षणी खरं काय ते सांगणं हा उपाय नव्हता. पण सांगण्याचा विचार मनात आला होता आणि तो मी बाजूला ठेवला, हेही खरं.

डॉक्टरांना फोन केला. लगेच सुरू करा, राहिलेल्या एकदम देऊ नका, ज्या क्रमाने आहेत तशाच पुढे न्या, असं ते म्हणाले. गोळ्या मध्ये सुटल्या की विषाणू टिकून राहायची शक्यता वाढते, आता काय होतंय ते शेवटच्या तपासणीतच कळेल. पाण्याच्या गोळ्याही बंद झाल्या होत्या, म्हणून वजन वाढलं होतं. ते अंगात आलं नव्हतं, पोटात आलं होतं.

पुढच्या रविवारी मी दादाला घेऊन गावी गेलो, सरळ वस्तादांकडे. ते घराबाहेर बाजेवर पडले होते. मी भांडायला गेलो होतो. पण त्यांनी हात उंचावून "या पोरांनू" म्हटल्यावर भांडण राहिलं. दादाला मी बाजेवर बसवलं, त्याचा पायजमा वर केला आणि वस्तादांचं बोट धरून त्याच्या नडगीवर दाबलं.

"दाबा आणखी. आता सोडा."

बोट निघालं. खड्डा राहिला. वस्ताद वाकून बघत बसले. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी दाबलं, तिथेही राहिला. आयुष्यभर त्यांनी पोरांच्या पोटऱ्या दाबून जोर पाहिला होता.

"ही अंग न्हाई वस्ताद, पानी हाय," दादा म्हणाला.

"व्हय की रं," ते हळूच म्हणाले. मग दादाचा पायजमा त्यांनी स्वतःच खाली ओढला. "घी बाबा गोळ्या. माजं ऐकू नगंस."

सुईचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. दादाने मला येतानाच बजावलं होतं, "म्हातारा हाय, खाईल मनाला. काडू नगंस त्यो विषय." तालमीतल्या बाकीच्यांना त्याने एकेकट्याला गाठून, कशासाठी ते नीटसं न सांगता, तपासायला पाठवलं. त्यातल्या दोघांच्या रक्तात सी निघाला. त्यांची यकृतं अजून धड होती. त्यांनी गोळ्या घेतल्या, विषाणू गेला, आणि ते आता ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतात. तोच आजार, तीच गोळी. दादा त्यांच्याइतक्या लवकर पोचला असता तर हे काही लिहावं लागलं नसतं.

गोळ्या संपल्या. विषाणू दिसत नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही दिसला नाही. मी त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलाची कड धरून बसलो होतो. त्यांनी आकडा काढला. तो उतरला होता, चांगला उतरला होता.

"सध्या यकृत बदलायची गरज नाही," ते म्हणाले.

"म्हंजे भावाचं नगं?" दादाने विचारलं.

"नको."

दादा माझ्याकडे वळला आणि माझ्या मांडीवर त्याने हात मारला. "सुटलास गड्या."

डॉक्टर बोलत होते ते मी नंतर आठवून आठवून गोळा केलं. विषाणू गेला म्हणजे आजार गेला असं नाही. झालेले वण बहुतेक राहतात. कर्करोगाची गाठ व्हायचा धोका कमी झालाय, संपलेला नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जन्मभर. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा मधूनमधून दुर्बिणीने पाहायच्या. पाणी परत आलं, उलटीतून रक्त आलं, शब्द चुकायला लागले, तर लगेच यायचं. गावी वहिनींनी देवाला नैवेद्य केला आणि "बरं झालं" असं सगळ्यांना सांगितलं. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. तपासणीच्या तारखा मात्र मीच लक्षात ठेवतो.

दादा जगला, आणि तेवढं खरं आहे. पण तो मधल्या जागी आहे. आता गावी परत गेलाय, शेतात विहिरीपर्यंत जाऊन येतो आणि दुपारभर पडून असतो. दूध काढायला बसला तर उठताना खांब धरतो. डॉक्टरांना एकदा मी एकट्याने विचारलं, तेव्हा ते म्हणाले की असे काही रुग्ण असतात. गोळ्यांनी आकडा सुधारतो, यकृत बदलण्याइतकी अवस्था राहत नाही, पण माणूस पहिल्यासारखा होत नाही. नवीन यकृतावर तो कदाचित जास्त धडधाकट राहिला असता, किंवा त्या टेबलावरच गेला असता. हे कुणाला आधी कळत नाही, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. मी मान हलवली. मी आकडा मागितला होता आणि मला आकडा मिळाला होता.

त्यानंतर मी गाडा सोडला. पुलापर्यंत जातो आणि दुसऱ्या रस्त्याने येतो. बायको म्हणाली, "आता कशाला एवढं मनावर घेताय?" मी म्हणालो, बीपी. आता कुणी मागत नाही म्हणून हे चालणं सोपं आहे, ते मला माहीत आहे. उद्या सोनोग्राफीत काही निघालं आणि पुन्हा विचारणा झाली, तर मी त्याच रस्त्याने येईन की गाड्याकडून, याची हमी मी स्वतःला देऊ शकत नाही. तरी वर्षभरात बरंच उतरलंय.

परवा त्याची तपासणी होती. तो आत गेला आणि मी बाकावर बसलो. दाराआडून डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दादा बाहेर आला तो पोटावरचं सोनोग्राफीचं चिकट गमछ्याने पुसत.

"काय न्हाई," म्हणाला. "तसंच हाय सगळं."

मी श्वास सोडला. कुणासाठी सोडला ते मला वेगळं करता आलं नाही.

दाराशी वजनाचा काटा होता. सवयीने तो चढला, कडं काढून माझ्या हातात देऊन. उतरला आणि म्हणाला, "चड की तू बी."

मी चढलो. तो वाकला आणि आकड्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "आलास की रं गटात."

मी उतरून कडं त्याच्या हातात दिलं. तो चपला घालायला वाकत होता आणि वाकलं की त्याला धाप लागते, म्हणून मीच खाली बसलो आणि पट्टा लावला. पट्टा सहज लागला. तिथे बसलोच होतो, तर मी त्याच्या घोट्यावर बोट दाबून पाहिलं. खड्डा पडला नाही. मी दुसऱ्या पायावर दाबलं.

"झालं का बगून?" दादा वरून म्हणाला. "ऊठ. यष्टी जाईल."